एलियन अँथॉलॉजी: आठ आवृत्त्या आणि एक जुना वाद

चार चित्रपट, प्रत्येकाच्या दोन आवृत्त्या आणि सहा ब्ल्यू-रे डिस्क अशी २०१० साली आलेल्या ‘एलियन अँथॉलॉजी’ या संचाची मांडणी आहे. विज्ञान-भयपट आवडणाऱ्यांमध्ये पात्ररचना महत्त्वाची की वेगवान मारधाड, हा वाद कायम चालू असतो. तो तपासून पाहायला याच्याइतकं चांगलं साधन सापडणं कठीण. चित्रपट तोच, नट तेच, आणि फरक फक्त काही मिनिटांच्या दृश्यांचा. कुठलं दृश्य आल्यावर चित्रपटाची पकड घट्ट होते आणि कुठल्या दृश्याने ती सुटते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं. परीक्षण त्याच अंगाने लिहिलं आहे, त्यामुळे कथेतली वळणं आणि कोण मरतं हे सगळं पुढे उघड होईल. चित्रपट पाहिले नसतील तर सरळ शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

रिडली स्कॉटचा ‘एलियन’ (१९७९) संथ आहे, अशी तक्रार नव्या प्रेक्षकाकडून हमखास येते. सुरुवातीला बराच वेळ अंतराळजहाजावरची सात माणसं झोपेतून उठतात, खातात, सिगारेटी ओढतात आणि पगारावरून कुरकुरतात. पार्कर आणि ब्रेट या दोघा यंत्रकामगारांना बोनसचा वाटा इतरांपेक्षा कमी मिळतो. अनोळखी संदेशाच्या मागे जायचं ठरतं तेव्हा पार्कर विरोध करतो आणि अ‍ॅश हा विज्ञान अधिकारी त्याला कराराचं कलम ऐकवतो: तपास नाकारला तर सगळा वाटा जप्त. हा पैशांचा वाद म्हणजे नुसतं वातावरण तयार करणं नव्हे. जहाजावर कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण नियमावर बोट ठेवतो, कोण आदेश निमूटपणे पाळतो, हे सगळं त्यात ठरून जातं. पुढे प्रत्येक जण ज्या पद्धतीने मरतो ते इथूनच निघतं.

या चित्रपटाचा खरा कणा म्हणजे जहाजाच्या दारातला प्रसंग. संदेशाच्या मागे गेलेल्यांपैकी केनच्या चेहऱ्याला परग्रहावरचा प्राणी चिकटला आहे, कप्तान डॅलस आणि लँबर्ट त्याला घेऊन दाराशी उभे आहेत. आत रिप्ली ही नायिका आहे. कप्तान बाहेर असल्याने त्या क्षणी जहाजाची सूत्रं तिच्याकडे आहेत. ती २४ तासांच्या विलगीकरणाचा नियम सांगते आणि दार उघडायला नकार देते. डॅलस हुकूम देतो, लँबर्ट विनवणी करते, रिप्ली बधत नाही. मग अ‍ॅश बटण दाबून दार उघडतो. कोणी धावत नाही, एकही गोळी सुटत नाही. पण या मिनिटा-दोन मिनिटांत रिप्ली कोण आहे हे कळतं, तिच्यावर बाकीच्यांचा राग बसतो, अ‍ॅशबद्दलचा पहिला संशय पेरला जातो आणि सर्वांचा मृत्यू जहाजात शिरतो. पात्ररचना आणि घटना या दोन वेगळ्या गोष्टी मानणाऱ्याने हा प्रसंग पुन्हा पाहावा. इथे रिप्लीचा स्वभाव कोणी बोलून दाखवत नाही, तो निर्णयातून दिसतो, आणि तो निर्णय हीच घटना असते.

नंतरचे मृत्यू याच चष्म्यातून पाहा. हालचाल टिपणाऱ्या यंत्रावर पुन्हा जहाजावरचं मांजर सापडून घोळ होऊ नये, म्हणून ब्रेटला एकट्याला ते पकडायला धाडलं जातं. चूक मूर्खपणाची वाटत नाही, कारण पार्कर आणि ब्रेट या दोघांपैकी कोण सांगतो आणि कोण मान हलवून ऐकतो हे आपण आधीपासून पाहत आलो आहोत. प्राण्याच्या मागे हवेच्या नळीत (डक्टमध्ये) जायला रिप्ली तयार असते, पण डॅलस स्वतः जातो, कारण दाराशी दिलेला हुकूम त्याचा होता आणि तो भार त्याच्यावर आहे. आणि पार्कर? त्याच्या हातात आग फेकणारं यंत्र आहे, प्राणी समोर आहे, पण लँबर्ट भीतीने जागीच थिजली आहे आणि ती नेमकी मध्ये उभी आहे. तिला भाजल्याशिवाय त्याला आग सोडता येत नाही. तो ओरडतो, ती हलत नाही, मग तो हातघाईवर येतो. दोघांचा स्वभाव माहीत नसता तर हीच मारामारी पंधरा सेकंदांची गडबड वाटली असती.

स्कॉटची २००३ ची आवृत्ती मूळ ११७ मिनिटांपेक्षा मिनिटभराने लहान आहे. दृश्यं आत आली, पण तेवढ्यासाठी इतर ठिकाणी कात्री लागली. वाढवलेल्या दृश्यांपैकी एक अगदी योग्य आहे: दार न उघडल्याबद्दल लँबर्ट रिप्लीला थोबाडीत मारते. मूळ आवृत्तीत तो राग मनातच राहतो, इथे त्याला वाट मिळते. दुसरं दृश्य मात्र गडबड करतं. शेवटच्या धावपळीत रिप्लीला कोषात अडकलेला डॅलस सापडतो आणि तो मरण मागतो. दृश्य स्वतंत्रपणे भयंकर प्रभावी आहे, चाहत्यांना ते का हवं होतं हेही समजतं. पण त्या वेळी रिप्ली एकटी आहे, दिवे लखलखताहेत, भोंगे वाजताहेत, आणि आपल्या डोक्यात एकच विचार आहे की ती बाहेर पडेल का. तिथे थांबून संवाद ऐकायची आपली तयारी नसते. शिवाय डॅलसबद्दल नवीन काहीच कळत नाही. कळतं ते प्राण्याच्या जीवनचक्राबद्दल. म्हणजे हे दृश्य दिसायला भावनेचं आणि खरं तर माहितीचं आहे.

पात्राच्या नावाखाली आलेलं दृश्य पात्राबद्दल काही सांगतं का, की फक्त राक्षसाची माहिती पुरवतं? हा प्रश्न ‘एलियन्स’ला (१९८६) सगळ्यात जास्त लागू पडतो, आणि संचातली सर्वांत मोलाची तुलनाही तीच आहे.

जेम्स कॅमेरॉनच्या या चित्रपटाची चित्रपटगृहातली आवृत्ती १३७ मिनिटांची, तर विशेष आवृत्ती १५४ मिनिटांची. मारधाडीचा चित्रपट म्हणून त्याची ख्याती आहे. तरीही पहिला तास उलटेपर्यंत एकही जिवंत, पूर्ण वाढ झालेला प्राणी रिप्लीबरोबर परग्रहावरच्या वसाहतीत गेलेल्या सैनिकांवर झडप घालत नाही. त्या तासात कॅमेरॉन काय करतो ते बघा. तुकडीचा लेफ्टनंट गोरमन किती अननुभवी आहे हे एका प्रश्नोत्तरात येतं: ३८ मोहिमा केल्या, पण सगळ्या सरावाच्या, प्रत्यक्ष दोन, त्यातली एक ही. रिप्ली सामान उचलणारं यंत्र सराईतपणे चालवून सार्जंट अपोनला चकित करते. वास्केझ ही सैनिक आदेश पाळते, पण तिला पटला तरच. मग अणुभट्टीखाली गोळीबार धोक्याचा म्हणून गोरमन सर्वांची काडतुसं काढून घ्यायला लावतो, आणि वास्केझ आपला जादा साठा लपवून ठेवते. पुढचा हल्ला उलगडतो तो याच चार-पाच गोष्टींतून. गोरमन पडद्यांसमोर गोठतो, रिप्ली चिलखती गाडीचा ताबा घेते, वास्केझच्या बंदुकीला गोळ्या असतात. हल्ला अंधारा, धुराचा आणि तुकड्यातुकड्यांत कापलेला आहे, बऱ्याचदा सैनिकांच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्यांतून दिसणारा. तरीही काय चाललंय ते कळतं, कारण प्रत्येक आवाजामागचा माणूस आपल्याला ओळखू येतो.

हालचाल टिपणाऱ्या यंत्राचा प्रसंग तर पटकथा लिहिणाऱ्याने वही घेऊन बसून पाहावा असा आहे. सगळे एका खोलीत कोंडलेले, दार आतून जोडकाम करून बंद केलेलं. हडसन हा सैनिक यंत्रावरचे मीटर वाचतोय आणि आकडा इतका खाली येतो की प्राणी खोलीच्या आत असायला हवेत. समोर कोणी नाही. त्याच्या तुकडीतल्या हिक्सला वाटतं हडसन चुकीचं वाचतोय. का वाटतं? कारण पहिल्या हल्ल्यापासून हडसन सतत गर्भगळित झालेला आहे, त्याचा शब्द धरायचा नाही अशी सर्वांना सवय लागली आहे. या वेळी मात्र त्याचं बरोबर आहे. रिप्लीची नजर वर छताकडे जाते. यंत्राचा टकटक आवाज, घटणारा आकडा, बंद दार ही सगळी ताण वाढवायची साधनं झाली. पण तो ताण असह्य होतो हडसनच्या स्वभावामुळे. तिथे एखादा शांत, भरवशाचा सैनिक असता तर सगळ्यांनी लगेच वर पाहिलं असतं आणि प्रसंग निम्म्यावर संपला असता.

आता विशेष आवृत्तीतली १७ मिनिटं. रिप्लीची मुलगी अमँडा हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं दृश्य. रिप्लीची ५७ वर्षं अंतराळात झोपेत गेल्यावर कंपनीचा माणूस बर्क तिला एका वृद्ध स्त्रीचं छायाचित्र दाखवतो. मुलगी ६६ व्या वर्षी, दोनच वर्षांपूर्वी वारली. अकराव्या वाढदिवसाला परत येईन असं रिप्लीने तिला सांगितलेलं असतं. (छायाचित्रातली स्त्री सिगर्नी वीव्हरची खरी आई, अभिनेत्री एलिझाबेथ इंग्लिस.) दृश्य छोटं आहे आणि सगळ्या चित्रपटाचं वजन बदलून टाकतं. वसाहतीत वाचलेल्या न्यूट या लहान मुलीला दिलेलं वचन, कोसळत्या इमारतीत तिच्यासाठी मागे फिरणं, अंडी घालणाऱ्या राणी-प्राण्यासमोर अंड्यांच्या राशीत उभं राहणं, या सगळ्याला आता मुळं मिळतात. मूळ आवृत्तीतही हे पटतं, कारण वीव्हर ताकदीची अभिनेत्री आहे आणि या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पण तिथे रिप्ली एका मुलीला वाचवते, इथे ती दुसऱ्यांदा आई गमावायची वेळ मुलीवर आणि मुलगी गमावायची वेळ स्वतःवर येऊ देत नाही. शेवटची सगळी मारधाड यामुळे जड होते, आणि तिचा वेग मात्र तिळभर कमी होत नाही.

वसाहतीचं दृश्य याच्या अगदी उलट. न्यूटचे आईवडील परग्रहावर मोडून पडलेलं जहाज शोधतात आणि वडील प्राणी चिकटलेल्या अवस्थेत परततात. वरकरणी हे न्यूटचं पात्र उभं करतं. प्रत्यक्षात ते चित्रपटाच्या पहिल्या तासातली सर्वांत मोठी चीज वाया घालवतं. मूळ आवृत्तीत आपण सैनिकांबरोबर ओस पडलेल्या वसाहतीत शिरतो आणि तिथे काय झालं हे त्यांच्याइतकंच आपल्यालाही माहीत नसतं. अडथळे रचलेले, भिंती आम्लाने जळलेल्या, माणूस एकही नाही. विशेष आवृत्तीत त्याची सुरुवात आपण आधीच पाहिलेली असते, त्यामुळे पुढची वीस मिनिटं आपण सैनिकांच्या पुढे असतो आणि त्यांची वाट पाहत बसतो. न्यूटचंही नुकसानच होतं: डक्टमध्ये सापडलेली, न बोलणारी, बाहुलीचं मुंडकं जवळ धरलेली मुलगी प्रथमच तिथे दिसली तर तिचं मौन बोलतं.

स्वयंचलित बंदुकांचा प्रसंग हा उरलेल्यांतला उत्तम. ही निव्वळ कृती आहे, त्यात पात्रविकास नाही, आणि तरी तो हवाच. चार बंदुका दोन बोगद्यांत लावलेल्या. आपण लढाई जवळजवळ पाहतच नाही, पाहतो ते पडद्यावर घसरत जाणारे गोळ्यांचे आकडे आणि ते पाहणारे चेहरे. पहिली जोडी रिकामी होते. दुसरीत अगदी थोड्या गोळ्या उरतात तेव्हा प्राणी माघार घेतात. खोलीतल्या माणसांना माहीत असतं की पुढच्या वेळी काही उरलेलं नाही, प्राण्यांना ते माहीत नसतं. शिवाय नंतर ते छतातून का आले याचं उत्तरही इथे मिळतं: समोरची वाट महाग पडली. मारधाडीतून शत्रूची बुद्धी दाखवणं ही दुर्मीळ गोष्ट, आणि चित्रपटगृहातल्या आवृत्तीत तीच वगळली गेली. हडसनची विमानातली फुशारकी आणि हिक्स-रिप्लीने एकमेकांना पहिली नावं सांगणं, ही दोन्ही छोटी दृश्यंही राहायला हवी होती. फुशारकी ऐकलेली असली की नंतरची घाबरगुंडी जास्त लागते.

‘एलियन ३’ (१९९२) वर डेव्हिड फिंचरचं नाव आहे, पण २००३ ची ‘असेंब्ली’ (म्हणजे कच्च्या जुळणीवर आधारलेली) आवृत्ती त्याच्या सहभागाशिवाय तयार झाली. ती मूळ ११४ मिनिटांपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने मोठी आहे आणि नि:संशय बरी आहे. मूळ आवृत्तीतला ढोबळ दोष म्हणजे गोलिक. कथा घडते त्या तुरुंगातला हा मनोरुग्ण कैदी प्राण्याला देवासारखं पाहू लागतो, आणि मग कथेतून चक्क गायब होतो. असेंब्लीत कळतं की कैदी प्राण्याला एका कोठारात पकडतात, त्यात एक जण जीव देतो, आणि गोलिक पहारेकऱ्याला मारून दार उघडतो. म्हणजे मधला सगळा भाग एका माणसाच्या श्रद्धेवर उभा होता, आणि वेगासाठी तोच कापला होता. कापल्यावर वेग वाढला नाही. नुसती कारणं गेली.

एक दोष मात्र कुठल्याच आवृत्तीने सुटत नाही. सगळ्यांची डोकी भादरलेली, कपडे एकाच मळकट रंगाचे, प्रकाश पिवळा-तपकिरी. डिलन, मोर्स आणि आणखी एक-दोघं सोडले तर कैदी वेगळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे शेवटचा पाठलाग फसतो. योजना खरं तर साधी आहे: प्राण्याला मागे लावून पळायचं, वाटेतली दारं एकेक करून बंद करायची आणि त्याला शिशाच्या साच्याकडे न्यायचं. पण कोण कुठल्या बोळात आहे, कोण मेला, कोणाचं दार उघडं राहिलं, काहीच लक्षात राहत नाही. प्राण्याच्या नजरेतून भिंती-छतावरून धावणारा कॅमेरा कल्पक आहे, पण त्याने गोंधळात भरच पडते. दिग्दर्शकाला धावपळ स्पष्ट दाखवायची असेल तर पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक चेहऱ्याला निदान एक खूण द्यावी लागते: आवाज, टोपी, लकब, काहीही. ‘एलियन’मध्ये ब्रेटची टोपी आणि फुलाफुलांचा शर्ट हेच काम करतात. याच चित्रपटात क्लेमेन्स या डॉक्टरच्या बाबतीत ते नीट जमलं आहे. त्याच्या चुकीच्या डोसमुळे अकरा माणसं मेली हे तो रिप्लीला सांगतो, आपला त्याच्यावर जीव बसतो आणि लगेच प्राणी त्याला उचलतो. तो धक्का अजूनही बसतो.

मालिकेतल्या चौथ्या, जाँ-पिएर जनेच्या ‘एलियन: रिझरेक्शन’बद्दल (१९९७) फार लिहायचं नाही. पाण्याखालचा पाठलाग देखणा आहे. क्लोन रिप्लीला आपल्याआधीचे सात फसलेले नमुने सापडतात तो प्रसंग चित्रपटातला सर्वांत खोल. बाकीचे भाडोत्री चाचे ओळखू येतात पण आवडत नाहीत, आणि वाढीव दृश्यांनी त्यात काही फरक पडत नाही.

संच घेणाऱ्यासाठी काही उपयोगाच्या गोष्टी. चार डिस्कवर चित्रपट, दोन डिस्कवर पूरक साहित्य. चित्र आणि ध्वनी दोन्ही चांगले आहेत, विशेषतः ‘एलियन्स’चं दाणेदार चित्र कॅमेरॉनच्या देखरेखीखाली साफ झालं आहे आणि चेहऱ्यांची कातडी मेणासारखी झालेली नाही. ‘एलियन ३’च्या असेंब्लीतल्या जुन्या दृश्यांचा ध्वनी खराब होता, तो काही कलाकारांना बोलावून पुन्हा मुद्रित केला आहे. आधीच्या डीव्हीडी संचापेक्षा हा बदल मोठा. आवाज कमी ठेवून हे चित्रपट पाहू नयेत. ‘एलियन’मधली भीती अर्धी तरी पंख्यांच्या घरघरीत आणि पाण्याच्या थेंबांत आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने ‘एलियन’ची १९७९ ची आवृत्तीच घ्यावी. ‘एलियन्स’साठी विशेष आवृत्ती लावा, पण चौकशीनंतर रिप्ली तिथल्या अधिकाऱ्याला वसाहतीत किती जण आहेत असं विचारते आणि साठ-सत्तर कुटुंबं असं उत्तर येतं, तिथे थांबवून बर्क आणि गोरमन तिच्या दाराशी येईपर्यंत पुढे न्या. एवढ्यानेच बाकीची सगळी नवी दृश्यं मिळतात आणि रहस्य शाबूत राहतं. वगळलेला भाग चित्रपट संपल्यावर स्वतंत्र पाहा. ‘एलियन ३’ पाहायचा तर असेंब्ली, आणि ‘एलियन्स’ला लागून त्याच रात्री नको, मध्ये काही दिवस जाऊ द्या, नाहीतर त्याची पहिली दहा मिनिटं सहन होणार नाहीत.